पाच लाख माणसं एका माइकने आणली नव्हती

महिन्याभरात तो मजकूर मला चार ग्रुपांवर आला: शाळेच्या, सोसायटीच्या, मावसभावंडांच्या आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींच्या. शेवटच्या ग्रुपवर तर त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा गाभा देतो:

"2006 साली लॉस एंजेलिसमधल्या एका विदूषक रेडिओ निवेदकाने सकाळी माइकवरून नुसती हाक दिली आणि पाच लाख बेकायदेशीर स्थलांतरित रस्त्यावर उतरले. जगात पहिल्यांदाच असं घडलं! सरकार घाबरलं, कायदा गुंडाळला. तीस-तीस वर्षं राहून या लोकांना इंग्रजी येत नाही, कारण हे स्पॅनिश रेडिओवाले येऊच देत नाहीत. रेडिओ सांगेल त्याला मत. आपले लोक बघा, कायद्याने गेले, भाषा शिकले, कधी रस्त्यावर आले नाहीत. एका आवाजाची ताकद ओळखा. पुढे पाठवा."

मी सोडून दिलं असतं. पण 2006 च्या मार्चमध्ये मी लॉस एंजेलिसजवळच्या आर्टेशियात होतो. पायोनियर बुलेवार्डवर साड्यांची, दागिन्यांची आणि चाटची दुकानं एकाला एक लागून आहेत, तिथल्या एका देसी रेस्टॉरंटात सकाळी गल्ल्यावर बसायचो आणि संध्याकाळी वर्गाला जायचो. माझा व्हिसा विद्यार्थ्याचा होता आणि त्यावर गल्ल्यावर बसायची परवानगी नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, पुढे लागेल.

त्या रेस्टॉरंटातल्या नानच्या पिठाला हात लावणारा एकही माणूस भारतीय नव्हता. तंदूरवाला मेक्सिकोतल्या पुएब्लाचा, भाज्या चिरणारा ओआहाकाचा, भांडी घासणारे दोघं ग्वातेमालाचे. मोरीच्या वरच्या फळीवर त्यांचा रेडिओ असे. तेल-पाणी उडू नये म्हणून तो पारदर्शक पिशवीत घालून रबरबँडने बांधलेला, बटण पिशवीवरूनच फिरवायचं. एरियल केव्हाच मोडली होती, तिच्या जागी तंदूरची एक वाकलेली सळई. स्टेशन बदलायची कोणाला मुभा नव्हती. सकाळी 101.9, म्हणजे केएससीए हे स्पॅनिश स्टेशन, म्हणजे फॉरवर्डमधला तो निवेदक, पिओलिन.

"एका निवेदकाने हाक दिली आणि पाच लाख उतरले"

पिओलिनचं खरं नाव एडी सोतेलो. कार्टूनमधलं ते पिवळं पिल्लू, आपण ट्वीटी म्हणतो, त्याला स्पॅनिशमध्ये पिओलिन म्हणतात. अंगाने लहानखुरा म्हणून हे नाव पडलं. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातल्या ओकोत्लानचा. 1986 साली, सोळाव्या वर्षी, गाडीच्या डिकीत दडून सीमा ओलांडून आलेला. 2003 पासून केएससीएवर त्याचा सकाळचा कार्यक्रम होता आणि 2006 पर्यंत लॉस एंजेलिसमध्ये तो कुठल्याही भाषेतल्या कार्यक्रमांत पहिल्या नंबरावर होता. फोनवर खोड्या काढायच्या, आवाज बदलून सोंगं करायची, मध्ये बांदा नाहीतर नोर्तेन्यो, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीताची गाणी. विदूषक म्हणायला हरकत नाही, तो स्वतःही नाकारणार नाही.

पण हाक कोणाची होती? जरा तारखा लावून बघा. 16 डिसेंबर 2005 रोजी अमेरिकेच्या हाऊसने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, एचआर 4437 हे विधेयक 239 विरुद्ध 182 मतांनी मंजूर केलं. कागदपत्रांविना देशात असणं हा तोवर दिवाणी स्वरूपाचा मामला होता, तो या विधेयकाने फौजदारी गुन्हा होणार होता. शिवाय अशा माणसाला मदत करणाराही त्यात अडकला असता. या दुसऱ्या कलमामुळे चर्च खवळलं. 1 मार्च 2006 रोजी, ॲश वेन्सडेला, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, लॉस एंजेलिसच्या कॅथलिकांचे प्रमुख कार्डिनल रॉजर महोनी यांनी सांगितलं की असा कायदा झालाच तर माझ्या धर्मगुरूंना मी तो मोडायला सांगेन. 10 मार्चला शिकागोत लाखभर लोकांचा मोर्चा निघाला. तिथेही स्थानिक स्पॅनिश रेडिओवाले सामील होते, पण पिओलिनच्या हाकेची वाट कोणी बघत बसलं नव्हतं. लॉस एंजेलिसच्या मोर्च्याची 25 मार्च ही तारीख संयोजकांनी ठरवली आणि मग ते रेडिओ स्टेशनांची दारं ठोठावत फिरले. माइकवाले त्यानंतर आले.

आणि आले तेही एकटे नाहीत. हे मला आजही नवल वाटतं. एल कुकुइ, म्हणजे आपल्या भाषेत बागुलबुवा, हा होंडुरासचा निवेदक 97.9 वर, एल मांद्रिल 105.5 वर आणि पिओलिन 101.9 वर. एकाच वेळेला, एकाच श्रोत्यासाठी, एकमेकांच्या नरडीला लागलेली ही माणसं. जाहिरातीचा प्रत्येक डॉलर एकाने दुसऱ्याकडून ओढलेला. हे सगळे सिटी हॉलच्या पायऱ्यांवर एकत्र उभे राहिले. फॉरवर्डवाल्याने या प्रसंगाचं "एक आवाज" केलं आहे. तो एक आवाज असता तर गोष्ट तिथेच संपली असती.

आमच्या तंदूरवाल्याला मी तेव्हाच विचारलं होतं, तुला कळलं कुठून. त्याने पिठाच्या हाताने बोटं मोजली. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेला पाद्री बोलला. मेहुणी रात्री ऑफिसं साफ करते, तिच्या युनियनच्या बैठकीत विषय निघाला. लाँड्रीत भिंतीवर कागद चिकटवलेला होता. त्याच्या गावच्या लोकांचा एक क्लब आहे, गावातल्या चर्चचं छप्पर दुरुस्त करायला वर्गणी काढणारा, त्यांनी व्हॅन ठरवली. पाचवं बोट रेडिओचं.

मग रेडिओने केलं काय? दोन गोष्टी केल्या, आणि त्या लहान नव्हेत.

पहिली शिस्तीची. पांढरा शर्ट घाला. झेंडा अमेरिकेचा आणा. पोरांना बरोबर घ्या. पोलिसांशी हुज्जत नको. आणि कचऱ्याची पिशवी खिशात ठेवा, जाताना रस्ता झाडल्यासारखा दिसला पाहिजे. झेंड्यामागे बारा वर्षांपूर्वीचा चटका होता. 1994 साली कॅलिफोर्नियात प्रपोझिशन 187, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेलं विधेयक, आलं होतं, कागदपत्रं नसलेल्यांची शाळा आणि दवाखाने बंद करणारं. त्याविरुद्ध ऑक्टोबरात मोठा मोर्चा निघाला, टीव्हीवर मेक्सिकोच्या झेंड्यांचा समुद्र दिसला आणि नोव्हेंबरात ते सुमारे 59 टक्के मतांनी मंजूर झालं. पुढे कोर्टाने ते अडवलं ते वेगळं. पण ते चित्र कोणी विसरलं नव्हतं. 2006 चे रेडिओवाले रोज सकाळी झेंड्याचा विषय काढत होते तो यासाठी.

दुसरी गोष्ट सांगायला कठीण आहे, कारण ती निवेदकाच्या बोलण्यात नव्हतीच. ती फोन करणाऱ्यांच्या बोलण्यात होती. "पोमोनाहून बोलतोय, आम्ही चौघं येतोय, मालकाला सांगून टाकलंय." "मी शिवणकारखान्यात आहे, आमची अख्खी रांग येतेय." अशा माणसाची भीती एकट्याची असते. मी एकटा गेलो तर पकडतील. पण मी जाणार आहे, आणि पलीकडच्या कारखान्यातला जाणार आहे, आणि त्याला माहीत आहे की मी जाणार आहे, हे एकदा सगळ्यांनी सगळ्यांसमोर ऐकलं की हिशोब बदलतो. चर्चमध्ये हे तीनशे लोकांना कळतं, युनियनमध्ये हजारांना. मोरीवरच्या पिशवीतल्या डब्यातून ते एकाच मिनिटाला साऱ्या खोऱ्याला कळत होतं. पिओलिनने माणसं आणली नाहीत. माणसांना एकमेकांचे आवाज ऐकवले.

पाच लाख हा आकडा पोलिसांचा आहे, संयोजक त्याच्या दुप्पट सांगतात. आकड्यावर माझा वाद नाही. "बेकायदेशीर" या शब्दावर आहे. त्या गर्दीत इथेच जन्मलेली मुलं होती, ग्रीनकार्डवाले होते, नागरिक होते. आमच्या तंदूरवाल्याच्या दोन्ही मुलींचा जन्म अमेरिकेतला.

निवेदकाची हाक म्हणजे हुकूम नव्हे याचा पुरावा हवा असेल तर पाचच आठवडे पुढे या. 1 मे 2006, सोमवार. काहींनी देशभर "स्थलांतरितांविना एक दिवस" पुकारला: काम बंद, शाळा बंद, खरेदी बंद. पिओलिन आणि कार्डिनल महोनी दोघांनीही सांगितलं की कामावर जा, मुलांना शाळेत पाठवा आणि सुटल्यावर मोर्च्याला या. त्यासाठी विल्शायर बुलेवार्डवर दुपारनंतरचा वेगळा मोर्चा होता. पण भर दुपारी, कामाच्या वेळेला, सिटी हॉलकडे जो मोर्चा गेला त्यातही लाखांवर माणसं होती. बंदरातले ट्रकवाले घरी बसले. देशातल्या काही मोठ्या मांस कारखान्यांच्या मालकांनी आधीच कुलपं लावली. शहरातल्या सगळ्यांत लोकप्रिय माणसाने आणि सगळ्यांत मोठ्या धर्मगुरूने एक सांगितलं, आणि लाखो भाविक श्रोत्यांनी दुसरं केलं. हा प्रसंग फॉरवर्डमध्ये का नाही, ते सांगायला नको.

"जगात पहिल्यांदाच"

व्हॉट्सॲपवर सगळंच जगात पहिल्यांदा घडतं. याच लॉस एंजेलिसमध्ये हीच गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वी घडून गेली होती, आणि तिचा शेवट फार वाईट झाला.

पेद्रो गोन्सालेस हा मेक्सिकन क्रांतीत पांचो व्हियाच्या सैन्यात तारयंत्र चालवायचा. नंतर तो लॉस एंजेलिसला आला, गोदीत हमाली केली आणि 1920 च्या दशकाच्या अखेरीस बरबँकच्या केईएलडब्ल्यू या स्टेशनवर पहाटे चार ते सहा कार्यक्रम करू लागला. पहाटे चार का? कारण ती वेळ मेलेली समजली जायची. इंग्रजी श्रोता झोपलेला असे, तेव्हा स्टेशन ती स्वस्तात विकून टाके. पण शेतावर, वीटभट्टीवर, रेल्वेच्या कामावर जाणारा मेक्सिकन मजूर नेमका त्याच वेळी चुलीपाशी बसून डबा भरत असे. गोन्सालेसच्या गाणाऱ्या मंडळींचं नावच "लोस मादृगादोरेस", म्हणजे पहाटे उठणारे. स्पॅनिश रेडिओचा राजा सकाळचाच का असतो, याचं मूळ या स्वस्त वेळेत आहे. पुढच्या सगळ्या कुकुइ-पिओलिनांना ती गादी तिथून मिळाली.

मग महामंदी आली. मेक्सिकन लोक आपली कामं खातात अशी ओरड झाली आणि लाखोंना गाड्यांत भरून सीमेपार धाडण्यात आलं. त्यांत अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे कागदोपत्री पक्के नागरिकही ढिगाने होते. गोन्सालेस गाण्यांच्या मध्ये याविरुद्ध बोलू लागला. अधिकाऱ्यांना त्याच्या मागचा श्रोतृवर्ग खुपू लागला. 1934 साली एका अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. त्या मुलीने पुढे सांगितलं की आपल्याकडून दबाव आणून खोटं वदवलं. कोर्टाने खटला पुन्हा चालवायला नकार दिला. शिक्षा एक ते पन्नास वर्षं, तुरुंग सान क्वेंतिन. सहा वर्षांनी, 1940 मध्ये, त्याला सोडलं आणि त्याच पावली मेक्सिकोला हाकललं. तिहुआनात त्याने पुन्हा रेडिओ धरला. म्हातारपणी तो अमेरिकेत परतला आणि शंभरीला एक वर्ष कमी असताना, 1995 मध्ये वारला.

फॉरवर्डमधलं "एका आवाजाची ताकद ओळखा" हे वाक्य मला म्हणून टोचतं. ती ताकद 1934 च्या सरकारी वकिलांनी ओळखली होती. एक आवाज म्हटलं की बंदोबस्तही एकाचाच करावा लागतो, तो सोपा असतो.

"सरकार घाबरलं, कायदा गुंडाळला"

एचआर 4437 कायदा झालंच नाही, एवढं खरं. पण कारण साधं आहे. सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, 25 मे 2006 रोजी 62 विरुद्ध 36 मतांनी स्वतःचं वेगळं, बरंच मवाळ विधेयक मंजूर केलं. दोन्ही सभागृहांचा मेळ कधी बसला नाही आणि मुदत संपल्यावर दोन्ही विधेयकं मेली. मोर्च्यांनी सिनेटवाल्यांना धीर दिला असेल, मीही तसं मानतो. पण घाबरलेलं सरकार त्याच वर्षी ऑक्टोबरात सीमेवर 700 मैलांचं कुंपण घालायचा कायदा करत नाही. तो झाला, आणि बुश यांनी त्यावर सहीही केली.

पुढच्या वर्षाची गोष्ट तर फॉरवर्डवाल्याच्या मुळावरच येते. जून 2007 मध्ये पिओलिन स्थलांतर सुधारणेच्या बाजूने लोकांनी लिहिलेली पत्रं घेऊन गाड्यांच्या ताफ्यासह वॉशिंग्टनला निघाला. संकल्प दहा लाख पत्रांचा. आमच्या भटारखान्यातूनही तीन गेली, त्यातलं एक मी लिहून दिलं. 28 जूनला सिनेटमध्ये त्या सुधारणा विधेयकावर मतदान झालं. पुढे सरकायला 60 मतं लागणार होती, पडली 46. आणि त्या दिवशी सिनेटचं टेलिफोन एक्स्चेंज बसलं, एवढे फोन आले. ते फोन विरोधकांचे होते. त्यांना कोणी उठवलं? रेडिओनेच. इंग्रजी टॉक रेडिओवरचे उजवे निवेदक आठवडेच्या आठवडे "माफी, माफी" म्हणून त्या विधेयकावर तुटून पडले होते. रेडिओची ताकद मोजायचीच तर दोन्ही ताजव्यांत घाला. त्या दिवशी स्पॅनिश पारडं हलकं पडलं होतं.

"इंग्रजी येऊच देत नाहीत"

आमच्या तंदूरवाल्याला कामापुरतं इंग्रजी यायचं. शिवाय "जल्दी", "प्याज", "गरम पानी" आणि मालकाच्या चार पंजाबी शिव्या, उच्चारासकट. दिवसभर स्पॅनिश रेडिओ ऐकून हा माणूस तीन भाषांत धडपडत होता. त्याला इंग्रजीच्या वर्गाला जाता येत नव्हतं, कारण सकाळी तो तंदूरवर असे आणि रात्री दुसऱ्या एका हॉटेलात. याला रेडिओ जबाबदार नव्हता.

मुलींचं उलटं होतं. त्या बापाशीही इंग्रजीत बोलायच्या. दुसऱ्या पिढीत इंग्रजी सफाईदार होतं आणि तिसरीत स्पॅनिशच गळतं, हे अमेरिकेतल्या बहुतेक लॅटिनो घरांत दिसतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांत रविवारी बाराखडी गिरवणाऱ्या मुलांना इंग्रजी येणार नाही अशी काळजी आपल्यापैकी कोणी करतं का? काळजी मराठीची असते. त्यांच्या घरातही तेच.

शिवाय एक गोष्ट फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीत नसावी. 2007 मध्ये स्पॅनिश माध्यमांनी आणि काही संस्थांनी मिळून "या एस ओरा", म्हणजे "आता वेळ आली", अशी मोहीम चालवली: ग्रीनकार्ड आहे ना, मग नागरिकत्वाचा अर्ज भरा. पिओलिन त्यात होता. 2006 मध्ये असे सुमारे सव्वासात लाख अर्ज आले होते, 2007 मध्ये पावणेचौदा लाखांच्या आसपास. आता, याचं सगळं श्रेय रेडिओला देऊन मी फॉरवर्डवाल्याचीच चूक करणार नाही. 30 जुलै 2007 पासून अर्जाची फी 400 डॉलरवरून 675 होणार होती, बोटांच्या ठशांचा खर्च धरून. पावणेतीनशे डॉलर वाचवायला माणूस कुठल्याही रेडिओशिवाय धावतो. पण तारीख लक्षात कोणी आणून दिली, कागद कुठले लागतील हे कोणी दहा वेळा सांगितलं, तर सकाळच्या या लोकांनी. आणि नागरिकत्वाची परीक्षा, काही वयस्करांची सूट सोडली तर, इंग्रजीत होते. इंग्रजी येऊ न देणारा माणूस श्रोत्यांना इंग्रजीच्या परीक्षेला कशाला ढकलेल? पिओलिन स्वतः 2008 मध्ये नागरिक झाला.

"रेडिओ सांगेल त्याला मत"

एका परिच्छेदात पाच लाख बेकायदेशीर आणि पुढच्याच ओळीत त्यांची मतं. ज्याला कागद नाहीत त्याला मत नाही. पुढे बोलायची गरज नाही, तरी एक सांगतो. राजकारणी पिओलिनकडे यायचे हे खरं. ओबामा निवडून येण्याआधीही आले आणि ऑक्टोबर 2010 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणूनही त्याच्याशी बोलले. पण त्या दुसऱ्या वेळी त्यांना स्वागत कमी आणि जाब जास्त मिळाला: पहिल्या वर्षात स्थलांतर सुधारणा आणतो म्हणाला होतात, ती कुठे आहे? तो प्रश्न श्रोत्यांचा होता. न विचारता सोडला असता तर दुसऱ्या दिवशी फोन करणाऱ्यांनी सोतेलोलाच सोडलं नसतं.

"हे लोक" असं एकच गाठोडं करणंही चूक. भाज्या चिरणारा ओआहाकाचा तो मुलगा घरी मिश्तेको, म्हणजे मेक्सिकोतल्या मूळनिवासींची एक भाषा, बोलायचा. स्पॅनिश ही त्याचीही शिकलेली भाषा. पिओलिनचे निम्मे विनोद त्याच्या डोक्यावरून जायचे, सगळे हसले की हा हसायचा. त्याच्यासारख्या शेतमजुरांची मोठी वस्ती ऑक्सनार्डला आहे आणि तिथे आज मिश्तेकोत बोलणारं छोटं रेडिओ स्टेशन आहे, कारण वणवा लागला की स्पॅनिशमधली सूचनाही त्या घरांत पोचत नाही. वॉशिंग्टन राज्यात ग्रेंजर नावाच्या लहानशा गावात 1979 पासून केडीएनए हे शेतमजुरांचं स्टेशन आहे, आणि त्याच्या उभारणीत बायका पुढे होत्या. तिथे स्टार कोणी नाही, म्हणून फॉरवर्डही नाही.

फॉरवर्डने जे विचारलंच नाही

हे वाचून मी या निवेदकांचा भाट आहे असं वाटेल. नाही. बायकांवरचे त्यांचे विनोद ऐकून मी कित्येकदा त्या पिशवीवरूनच आवाज कमी केला आहे. 2013 च्या जुलैमध्ये पिओलिनचा कार्यक्रम कंपनीने एकाएकी बंद केला. नंतर एका सहकाऱ्याने केलेल्या लैंगिक छळाच्या आरोपाची बातमी आली. सोतेलोने आरोप नाकारला. केएससीए ही चळवळीची संस्था नव्हती, युनिव्हिजन या बड्या कंपनीचं नफ्यासाठी चालणारं स्टेशन होतं.

खरा घातक प्रभाव मात्र जाहिरातींतून पडतो. आपल्याकडे नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर छत्रीखाली टेबल टाकून शिक्का मारणारा वकील, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लॅटिन अमेरिकेत मात्र "नोतारियो पुब्लिको" हा मोठा वजनदार कायदेपंडित असतो. अमेरिकेतला नोटरी वकीलही असावा लागत नाही, तो फक्त सहीचा साक्षीदार. या फरकावर एक अख्खा धंदा उभा आहे. पाटीवर "नोतारियो" लिहायचं, ग्रीनकार्ड करून देतो म्हणायचं, काही हजार डॉलर घ्यायचे आणि चुकीचा अर्ज भरून द्यायचा. अर्ज फेटाळला गेला की माणसाचा पत्ता सरकारकडे आयताच पोचलेला. अशांना गिऱ्हाईक आणून देणाऱ्या जाहिराती स्पॅनिश रेडिओवरून सर्रास वाजत आल्या आहेत. ज्या माइकने सकाळी सात वाजता तुमच्या बाजूने गळा काढला, त्याच माइकवरून सव्वासातला वाजलेल्या जाहिरातीवर शंका कोण घेणार? आमच्या भांडी घासणाऱ्यांपैकी एकाचे अठराशे डॉलर असेच गेले. त्याने दोष रेडिओला दिला नाही, नशिबाला दिला.

"आपले लोक कायद्याने गेले"

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत पंजाब, हरियाणा, गुजरातचे लोक बहुसंख्य होते आणि तिघं महाराष्ट्राचे होते. तिघं म्हणजे थोडे, मान्य. पण "आपले" या शब्दाला तेवढे पुरतात.

आणि चौथा मी.

25 मार्चचा तो शनिवार. मालकाने आदल्या दिवशी बजावलं होतं, जो जाईल त्याने सोमवारी तोंड दाखवू नये. सकाळी भटारखान्यात कोणीच आलं नाही. मालकाने स्वतः तंदूर पेटवला, हाताचे केस जाळून घेतले, आणि मी गल्ला सोडून दहा किलो कांदे सोलले. दुपारच्या नानांचा आकार भारताच्या नकाशासारखा होता. मोरीवरचा रेडिओ बंद होता, कारण तो कोण लावणार.

साडेपाचला ते चौघं आले. पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी काळ्या झालेल्या. तंदूरवाल्याच्या मागच्या खिशातून कचऱ्याची काळी पिशवी डोकावत होती, न वापरलेली. म्हणाला, उचलायला काही उरलंच नव्हतं. मालक काही बोलला नाही, रात्रीची गर्दी तोंडावर होती. दिवसाचा पगार तेवढा कापला. तंदूरवाल्याने कागदी झेंडा रेडिओच्या पिशवीच्या रबरबँडमध्ये खोचला, हात धुतले आणि पिठाचा गोळा तोडता तोडता मला विचारलं, तू का नाही आलास.

मी म्हटलं, मी विद्यार्थी आहे, माझे कागद आहेत.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दारातून बाहेर गल्ल्याच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तिथे बसायचे पण?"